सुरत्या पुढं येतो तेव्हा

(शाहूवाडी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विषय कळवला त्याच संध्याकाळी संयोजकांचा फोन आला. "सर, जॅझ वगैरे पत्रिकेवर नको, लोक येणार नाहीत. मराठीत काय लिहू?" मी म्हटलं, "बासवाल्याची मैफल असं लिहा." त्यांनी तसंच छापलं. आता आपल्याकडे बास म्हणजे पुरे. पंगतीत वाढप्याला हात आडवा करून आपण म्हणतो तो बास. त्यामुळं पत्रिका वाचून काहींना वाटलं असेल की आजचं व्याख्यान लवकर आटोपणार. तसं होणार नाही, तेवढी माफी आधीच मागतो.

ज्यांच्या स्मृतीची ही व्याख्यानमाला, त्या गुरुजींच्या शाळेत प्रार्थनेला पेटी गुरुजी वाजवत आणि सूरपेटीचा भाता माझ्याकडं असे. चार वर्षं मी एकच सूर दिला. त्या चार वर्षांत माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. एकदा मात्र मला शिंक आली, हात थांबला, सूर तुटला आणि अख्खी शाळा मागं वळून बघायला लागली. गुरुजी काही बोलले नाहीत. प्रार्थना झाल्यावर एवढंच म्हणाले, "बघितलंस ना? तू आहेस म्हणून गाणं आहे." आज मी ज्या वाद्याबद्दल बोलणार आहे त्याची सगळी कहाणी त्या शिंकेत आलेली आहे.

डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घरातला सगळ्यात थोरला भाऊ. माणसापेक्षा उंच, चार तारा, उभं राहून कवेत घेऊन वाजवायचा. सिम्फनीत गजानं वाजवतात, जॅझमध्ये बहुतेक वेळ बोटानं तार खेचून. सगळ्यात जाड तार सुटी वाजवली की सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. आपल्या गवयांचा खर्जसुद्धा इतका खाली सहसा जात नाही. जॅझच्या लहान संचात पुढं ट्रम्पेट, सॅक्सोफोन. लोकांचे डोळे त्यांच्यावर. मागं एका बाजूला ड्रम आणि त्याच्याशेजारी हा उंच लाकडी देह धरून उभा असलेला माणूस. तो दोन कामं करतो. ताल चालता ठेवतो आणि या क्षणी गाणं सुरांच्या कुठल्या घरात आहे ते सगळ्यांना कळवत राहतो. म्हणजे तबल्याचा डग्गा आणि तंबोरा एकाच माणसाच्या हातात दिल्यासारखं आहे. त्यानं घर बदललं की पुढच्यांना बदलावंच लागतं.

आपल्या पोवाड्यात शाहीर पुढं आणि तुणतुणं घेतलेला झीलकरी मागं. तमाशात त्याला सुरत्या म्हणतात. तुणतुण्याचा सूर बारीक आणि बासचा खर्जातला, हा फरक आहेच. पण उभं राहण्याची जागा तीच आणि नशीबही बरंचसं तेच.

माझी नोकरी ध्वनिमुद्रणाची होती. कुठल्या केंद्रावर ते सांगत नाही, कारण आता सांगणार आहे ती चूक सर्वस्वी माझी आहे. एक शाहिरी संच आला होता. मायक्रोफोन दोनच. एक शाहिरांसमोर लावला, दुसरा डफ आणि ढोलकीच्या मध्ये. सुरत्या म्हातारा होता. तो आपणहून मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला आणि मीही त्याला पुढं बोलावलं नाही. मुद्रण झालं. टेप ऐकवली. शाहीर खूश. म्हाताऱ्यानं हेडफोन कानाला लावला, शेवटपर्यंत ऐकलं आणि मला म्हणाला, "साहेब, आज मी आलो नव्हतो काय?" टेपवर तुणतुणं नव्हतंच. मी शहाणपणा केला. म्हटलं, बाबा, असं करू, तुम्ही एकटे वाजवा, मी ते वेगळं घेऊन वर चढवतो. त्यांनी तुणतुणं पिशवीत घातलं. म्हणाले, "गाणं नसताना सूर कुणाला द्यायचा?"

आता टोरांटोला चला. 15 मे 1953. मॅसी हॉल नावाचं जुनं मोठं सभागृह. मंचावर पाच जण: सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल, ड्रमवर मॅक्स रोच आणि बासवर चार्ल्स मिंगस. आपल्याकडं एकाच रात्री एकाच बैठकीला पाच घराण्यांचे अध्वर्यू बसावेत तसा प्रकार. नेमकी त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत. त्यामुळं बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. पार्करच्या हातात त्या दिवशी चक्क प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. मिंगस आणि रोच यांनी आदल्याच वर्षी स्वतःची छोटी रेकॉर्ड कंपनी काढली होती, डेब्यू नावाची. म्हणून ही मैफल मुद्रित झाली. न्यूयॉर्कला येऊन टेप ऐकली तर चौघे आहेत, पाचवा नाही. बास ऐकूच येत नाही. मिंगसनं काय केलं? स्टुडिओत उभा राहिला आणि आपला बास पुन्हा वाजवून त्या टेपवर चढवला.

माझ्या म्हाताऱ्यानं जे नाकारलं ते मिंगसनं केलं. कित्येक वर्षं मी मनात म्हाताऱ्याची बाजू घेत होतो. आता तितकी घेत नाही. मिंगसकडं निदान कंपनी स्वतःची होती, टेप स्वतःची होती, आणि आपण तिथं होतो हे सांगायची सोय होती. म्हाताऱ्याकडं पिशवी होती.

हा मिंगस कोण? जन्म 22 एप्रिल 1922, मेक्सिकोच्या सीमेवरच्या नोगालेस गावी, बाप लष्करात, वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत. आधी ट्रॉम्बोन, मग चेलो. चेलोवर त्याचा जीव होता. पण कृष्णवर्णी पोराला सिम्फनीच्या वाद्यवृंदात चेलोवर कोण बसू देणार? बडी कॉलेट नावाच्या मित्रानं सुचवलं, चेलो सोड, बास धर, आमच्या बँडला पाहिजेच आहे. एका दरवाज्यावर जात आडवी आली म्हणून हा माणूस दुसऱ्या दरवाज्यानं आत शिरला आणि त्या घराचा मालक झाला. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये पूर्वी वाजवणाऱ्या एका वादकाकडं त्यानं रीतसर तालीम घेतली. पुढं लुई आर्मस्ट्राँगकडं वाजवलं, लायोनेल हॅम्प्टनकडं वाजवलं. ड्यूक एलिंग्टनला तो देव मानायचा. त्याच्या बँडमध्ये 1953 मध्ये शिरला आणि ट्रॉम्बोनवाल्याशी मारामारी करून थोड्याच दिवसांत बाहेर पडला. स्वभाव असा. मैफलीत मध्येच गाणं थांबवून साथीदाराला झापायचा, श्रोते बडबडले तर श्रोत्यांनाही. मोठा माणूस म्हणून हे सगळं गोड करून सांगावं असं मला वाटत नाही. त्याच्या हाताखाली काम करणं कष्टाचं होतं.

पण शिकवण्याची पद्धत बघा. आपल्या संचाला तो जॅझ वर्कशॉप म्हणायचा आणि 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं कागदावर सुरावटी लिहून देणं बरंचसं सोडलं. पियानोवर वाजवून, गाऊन दाखवायचा. वादकांनी कानानं उचलायचं. म्हणजे आपली गळ्यावरून तालीम. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायला नको. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, आणि त्यांची विद्या कागदावरून नाही, गळ्यावरूनच पुढं गेली. खाँसाहेबांच्या आवाजाचं मुद्रण मात्र मागं राहिलं नाही. एवढा मोठा गवई 1946 पर्यंत होता, यंत्रं होती, रेकॉर्डी निघत होत्या, आणि आपल्याला उरल्या त्या आठवणी. म्हणून कुणी मैफलीची टेप दाखवली की मी आधी हात जोडतो, मग गुणदोष बघतो.

आणि मैफलीची टेप ही गोष्टही तशी नवीच. जुन्या 78च्या तबकडीला एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात मैफल कशी मावणार? 1948 मध्ये अमेरिकेत लांब चालणारी तबकडी आली, टेपयंत्रं हाताशी आली, मग जॅझवाल्यांनी मंचावरची पाच-दहा-पंधरा मिनिटांची गाणी जशीच्या तशी धरायला सुरुवात केली. बासवाल्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या संचासह अशी मैफल बाजारात आणायची हे मात्र तेव्हाही दुर्मीळ. मिंगसनं डिसेंबर 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅफे बोहेमियात ते केलं. चांगली आहे, पण आज मी तुम्हाला सांगायला आलो ती दुसरीच.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आंतीब म्हणून गाव आहे. त्याच्या शेजारी ज्युआं-ले-पँ इथं 1960 मध्ये जॅझचा उत्सव सुरू झाला. सिडनी बेशे हा थोर वादक आदल्या वर्षी वारला होता, त्याच्या स्मरणार्थ. म्हणजे तीही एक स्मृतिमालाच. मिंगसनं तिथं वाजवलं ती तारीख 13 जुलै 1960.

मंडळी, ही तारीख शाहूवाडीत उच्चारल्यावर थांबावंच लागतं. इथून गाडीनं निघालं तर गजापूर किती लांब आहे? पावनखिंडीची तारीख 13 जुलै 1660. बरोबर तीनशे वर्षं. योगायोगातून अर्थ काढणाऱ्यांपैकी मी नाही. फ्रान्समधल्या त्या श्रोत्यांना बाजीप्रभू ठाऊक नव्हते आणि मिंगसलाही. पण ती तारीख तबकडीच्या वेष्टनावर पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या मनात जे आलं ते तुमच्याही मनात आत्ता आलंच आहे. पुढचा गडावर पोचेपर्यंत मागचा जागा धरून उभा. असो. हे इथंच सोडतो.

संच पाच जणांचा. ट्रम्पेटवर टेड कर्सन. टेनर सॅक्सोफोनवर बुकर अर्विन, टेक्सासचा, रुंद आणि ओरडता आवाज. एरिक डॉल्फी कधी आल्टो सॅक्सोफोन घेतो, कधी बास क्लॅरिनेट. ड्रमवर डॅनी रिचमंड. आणि मिंगस. पियानो नाही. पॅरिसात राहणारा बड पॉवेल पाहुणा म्हणून एका गाण्याला येऊन बसतो, आणि एरवी मधूनच मिंगस स्वतः बास ठेवून पियानोकडं जातो, तेवढंच. पियानो नाही हे महत्त्वाचं. पियानो असला की सुरांचं घर दोघे मिळून सांभाळतात. तो काढला की सगळा भार बासवर. पेटी काढून घेतल्यावर गवयाला तंबोऱ्याकडं जास्त कान द्यावा लागतो तसंच पुढच्या तिघांचं होतं. मोकळी जागाही जास्त मिळते आणि चुकायची भीतीही जास्त.

पहिलं गाणं बुधवारच्या रात्रीच्या प्रार्थनासभेवरचं. लहानपणी सावत्र आईबरोबर मिंगस ज्या चर्चमध्ये जायचा तिथं लोक टाळ्या पिटत, अंगात आल्यासारखे ओरडत प्रार्थना करत. त्या सभेचं हे गाणं. बास एकटा सुरू होतो. मग एकेक जण येतो. एका जागी सगळी वाद्यं गप्प होतात, नुसत्या टाळ्या राहतात आणि त्या टाळ्यांवर सॅक्सोफोन. ज्यांनी सप्ताहाच्या शेवटच्या रात्री, मृदंग क्षणभर थांबून नुसत्या टाळीवर गजर चाललेला ऐकलाय त्यांना इथं ओळख लागणार. मध्ये मिंगस ओरडतो. वादकांना नुसता ताल देऊन त्याचं भागत नाही, तो त्यांना हाकतो. स्टुडिओत एखाद्या अभियंत्यानं हे ओरडणं पुसून टाकलं असतं. मैफलीच्या टेपवर ते राहिलं, आणि बासवाला पुढारी असतो म्हणजे काय करतो ते त्या ओरडण्यात स्पष्ट ऐकू येतं.

दुसऱ्या गाण्याचं नाव ऐका: पॅसिव्ह रेझिस्टन्ससाठी प्रार्थना. निःशस्त्र प्रतिकार. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला आधी हेच इंग्रजी नाव वापरलं. ते अपुरं वाटलं म्हणून सत्याग्रह हा शब्द घडवला. त्याच 1960 च्या 1 फेब्रुवारीला अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो गावी चार कृष्णवर्णी विद्यार्थी एका दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी जास्त जण आले. पुढं गावोगाव हेच झालं. कोल्हापूरच्या माणसाला इथं गंगाराम कांबळे आठवायलाच हवेत. पागेतला नोकर, पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मार खाल्लेला. शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल घालून दिलं आणि स्वतः तिथं जाऊन चहा प्यायले. चहा असो की कॉफी, कुणाच्या हातची कोण कुणाबरोबर बसून पितो यावर माणसं किती अडून बसतात! शब्द एकही नसलेलं आठेक मिनिटांचं गाणं या विषयावर काय बोलणार असं मलाही वाटायचं. अर्विनचा सॅक्सोफोन एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागत राहतो आणि खालून बास जागचा हलत नाही, ते ऐकल्यावर शंका राहिली नाही.

इथं आणखी एका बासवाल्याचं नाव घेतो, कारण तो मुंबईला येऊन गेलाय. यूजीन राइट. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीतला. ही चौकडी अमेरिकन सरकारनं 1958 मध्ये जगभर पाठवली, मुंबईतही वाजली. उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर ब्रुबेकनं वाजवलं ते तेव्हाच. चौघांत राइट एकटा कृष्णवर्णी. दोन वर्षांनी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या 25 महाविद्यालयांत या चौकडीचा दौरा ठरला. कळवण्यात आलं, बासवाला बदला. ब्रुबेकनं नकार दिला आणि 23 कार्यक्रम रद्द झाले. जगाला लोकशाही दाखवायला पाठवलेला माणूस घरी परतल्यावर मंचावर चालेना. मागं उभा राहणारा दिसत नाही म्हणतात; पण नको असला की बरोबर दिसतो.

मुंबईचा विषय निघालाच आहे तर थोडं. ताजमहाल हॉटेलात 1930च्या दशकात लिऑन ॲबीसारखे अमेरिकन कृष्णवर्णी वादक येऊन राहिले आणि त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी जॅझ उचललं. ती पोरं चर्चच्या शाळेत मेस्तांच्या, म्हणजे संगीतमास्तरांच्या, हाताखाली सुरावट वाचायला शिकलेली होती. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट झाला. आमच्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला जवळ केलं आणि भगवानदादांच्या 1951 च्या 'अलबेला'त तो आवाज घराघरांत गेला. शाहूवाडीतही गेलाच असणार. बँडवाल्यांनी ती गाणी वरातीत वाजवली नाहीत असं गाव मी पाहिलेलं नाही. त्या गाण्यांच्या तळाशीही बास आहे. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर नाव संगीतकाराचं येई, फार तर साहाय्यकाचं. वाजवणाऱ्याचं नाही.

परत आंतीबला. तिसरं गाणं 'व्हॉट लव्ह?'. त्यात एका जागी सगळे थांबतात आणि डॉल्फीचं बास क्लॅरिनेट आणि मिंगसचा बास अक्षरशः बोलायला लागतात. ठेका नाही, ठरलेली चाल नाही. एक तक्रार करतोय, दुसरा उत्तर देतोय, मध्येच कुणीतरी नाक मुरडतंय. डॉल्फीच्या मनात संच सोडून जायचं होतं आणि भांडण त्यावरच चाललंय, असं जाणकार सांगतात. नवराबायको बंद दाराआड भांडताना शब्द कळत नाहीत पण विषय कळतो ना, तसं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं. पुढं 1964 मध्ये डॉल्फी बर्लिनमध्ये मधुमेहानं वारला, वय 36, हे कळल्यावर पुन्हा ऐकलं तेव्हा हसू आलं नाही.

हा सगळा ऐवज कपाटात पडून राहिला. अमेरिकेत तबकडी निघाली ती 1976 मध्ये, सोळा वर्षांनी. तोवर डॉल्फी गेला होता, अर्विन गेला होता, पॉवेल गेला होता. मिंगसच्या हातांची ताकदही लवकरच जायची होती. स्नायू झिजवणारा आजार. 1978 मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझवाल्यांचा मेळावा झाला तेव्हा तो चाकांच्या खुर्चीत होता. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले आणि हा भांडखोर माणूस ढसाढसा रडला. त्याच वर्षी मुंबईत रंगभवनला निरंजन झवेरींनी पहिली जॅझ यात्रा भरवली, सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेला. मिंगस जिवंतपणी आपल्याकडं आलाच नाही. 5 जानेवारी 1979 ला तो मेक्सिकोत वारला, छप्पन्न वर्षांचा होता. त्याच्या इच्छेप्रमाणं त्याची पत्नी सू त्याच्या अस्थी घेऊन भारतात आली आणि तिनं त्या गंगेत सोडल्या.

आता दोन मिनिटांत संपवतो.

आंतीबच्या काही महिन्यांनंतर, ऑक्टोबर 1960 मध्ये, मिंगसनं तिघांना घेऊन स्टुडिओत एक तबकडी केली. समोर श्रोता एकही नाही. पण तो बोलतो असा की जणू क्लबातच उभा आहे: टाळ्या वाजवू नका, पेल्यातला बर्फ खळखळवू नका, गल्ल्याची घंटी वाजू देऊ नका. रिकाम्या खोलीत श्रोत्यांना दम! लोकांना हा विनोद वाटतो. मला ती आयुष्यभराची तक्रार वाटते. पेल्यातला बर्फ वाजला तर ट्रम्पेटचं काही बिघडत नाही. बुडतो तो बास.

खर्ज आपल्याला अनोळखी नाही. गणपतीत डॉल्बीच्या भिंती लागतात तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धस्स होतं. तोही खर्जच, पण तो ऐकायला कान लागत नाही. ज्या डेकोरेशनवाल्यानं आज इथला आवाज लावलाय त्याच्याकडं त्यातलेच दोन मोठे स्पीकर आहेत. मी दुपारी येऊन ते लावून पाहिले, आवाज बेतानं ठेवलाय. घरी जाऊन मोबाइलवर ऐकू म्हणाल तर ऐकू नका. त्या चिमुकल्या स्पीकरातून तो सूर बाहेरच पडत नाही. पुन्हा चौघेच ऐकू येतील.

आता आंतीबच्या मैफलीतलं 'फोक फॉर्म्स' लावतोय. साधारण अकरा मिनिटं आहे. सुरुवातीला बास एकटा आहे, तेव्हा चहाचे कप आत्ताच खाली ठेवा.